बापूंचा चौथा माणूस

बापू मेहेंदळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कुलपाशी बोलत होते. आखनमधल्या त्या उंच, अरुंद घराच्या जिन्यात मी ट्रंक टेकवून धापा टाकत उभा होतो. समोर काळा ओव्हरकोट घातलेले, काखेत छत्री धरलेले एक किडकिडीत गृहस्थ दाराची मूठ पकडून चक्क मराठीत म्हणत होते, "लावलं. लावलं बरं का. मी लावलंय." जर्मनीत उतरून मला एक रात्र झाली होती. मराठी कानावर पडलं आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. गृहस्थ वळले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "तुम्ही साक्षीदार. लावलं ना मी?"

मी हो म्हटलं. तरी खालच्या मजल्यापर्यंत जाऊन ते परत आले, मूठ हलवून पाहिली, आणि मगच माझी ट्रंक वर चढवायला त्यांनी हात लावला.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तांत्रिक विद्यापीठात शिकायला आलेले आम्ही मूठभर मराठी लोक त्या गावात होतो. बापू आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, म्हणून ते आम्हाला अरे-तुरे करत आणि आम्ही त्यांना अहो-जाहो. डॉक्टरेटसाठी ते पोलाद तोडत. एक यंत्र पोलादाची कांडी सारखी वाकवायचं, सरळ करायचं, पुन्हा वाकवायचं, आणि ती तुटेपर्यंत बापू भिंग लावून तिच्यावर तडा कुठून सुरू होतो ते पाहत बसायचे. ज्यानं दिवसभर चांगलं धडधाकट पोलाद तुटताना बघायचं, त्याचा खुर्च्यांवर, जिन्यांवर आणि पुलांवर भरवसा कसा राहणार? खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय ते बसले असं मी कधी पाहिलं नाही. उतारावर सायकलवरून उतरायचे आणि तिला हाताला धरून चालवत न्यायचे. आम्ही हसलो की म्हणायचे, "न झालेलं नुकसान कुणाला दिसत नाही रे."

आम्ही म्हणजे मी आणि शिर्के. शिर्के साताऱ्याकडचा, पैलवानी बांध्याचा. वर्गात जर्मन, प्रोफेसरांशी इंग्रजी आणि आमच्याशी थेट कोरेगावची बोली बोलणारा. बापूंची फिरकी घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, आणि तो उशिरा आला तर बापूंना. रात्री खिडकीशी उभे राहून ते त्याच्या सायकलीचा दिवा कोपऱ्यावर दिसतो का ते बघत. दिसला की लगबगीनं अंथरुणात शिरून झोपेचं सोंग घेत. मला ताप आला तेव्हा त्यांनी तीन डॉक्टरांची मतं घेतली आणि तिघांवरही अविश्वास दाखवला. त्यांच्या काळजीचा वैताग यायचा. पण घरापासून इतक्या लांब आपली काळजी करणारं कुणीतरी आहे, याचं सुख त्या वैतागाच्या खाली कायम असे.

हॉलंडची हद्द आमच्या गावाला लागूनच. पलीकडे कॉफी स्वस्त, म्हणून रविवारी अर्धं गाव फिरायला जायचं आणि येताना सगळ्यांचे कोट जरा फुगलेले असायचे. एकदा आम्ही बापूंना घेऊन गेलो. परतताना नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं सवयीनं विचारलं, काही जाहीर करायचंय? लोक सवयीनं नाही म्हणतात. बापूंनी कॉफी काढून ठेवली, मग अर्धं खाल्लेलं चॉकलेट, मग पुण्याहून आलेल्या लिंबाच्या लोणच्याची बाटली, जी मुळात याच बाजूनं पलीकडे गेली होती. अधिकाऱ्यानं झाकण उघडून वास घेतला आणि झटकन बंद केलं. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "फक्त नाही म्हणा."

"पण मग ते खोटं होईल," बापू म्हणाले. मागे रांग लागली होती, आणि शिर्के तोंड फिरवून आम्हाला ओळखत नसल्यासारखा उभा होता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो आहे, की हा माणूस जाणूनबुजून चुकीचा आकडा सांगणारा नव्हता. आणि तरीही त्यानं तो सांगितला.

त्याचं असं झालं. बापूंच्या प्रयोगशाळेत क्लाउस नावाचा जर्मन सोबती होता. लक्झेंबर्गच्या हद्दीकडे डोंगरात वालुकाश्माची एक घळ आहे, पिवळ्या-तांबूस कड्यांची, एका दिवसात पार करता येते, असं त्यानं सांगितलं आणि आम्हाला न्यायचं कबूल केलं. एका सुट्टीच्या दिवशी पहाटेच आम्ही तिघं स्टेशनवर हजर झालो. क्लाउसचा मात्र निरोप आला: त्याला सर्दीनं धरलं होतं. पण रस्ता सोपा आहे, तुम्ही जा.

बापू फलाटावर थबकले. "तिघंच झालो की रे."

"मग काय, तीन तिगाडा?" शिर्के म्हणाला. "बापू, तुमी पोलादाचे डॉक्टर होनार हाय."

"माझा विश्वास नाही," बापू म्हणाले. "पण निघताना आत्याला शब्द दिलाय." आत्यानं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. तिची दोन बंधनं होती: गोमांस खायचं नाही, आणि तिघं मिळून कुठे जायचं नाही. जावंच लागलं तर एक खडा बरोबर घ्यायचा, आणि त्याला माणसासारखं मोजायचं. नुसता खिशात टाकला तर तो दगडच राहतो, मोजला की चौथा होतो. बापूंनी फलाटाच्या कडेला वाकून छत्रीच्या मुठीनं रुळांमधल्या खडीतला लिंबाएवढा खडा ओढून घेतला, रुमालानं पुसला आणि कोटाच्या खिशात ठेवला. मग बोट दाखवत म्हणाले, "एक, दोन, तीन, चार."

"चौथ्याचं तिकीट?" शिर्केनं विचारलं.

"तो सामानात येतो," बापू गंभीरपणे म्हणाले.

आगगाडी आणि मग बस करून आम्ही त्या खेड्यात पोचलो. घळीच्या वरच्या तोंडाशी एकच घर होतं, खाली गास्टहाउस, म्हणजे खाणावळ, आणि वर मालकांचं बिऱ्हाड. आम्ही दोघं बाहेर बुटांच्या नाड्या आवळत बसलो आणि बापू वाट विचारायला आत गेले. बाहेर आले ते चेहरा पाडूनच.

"बाई म्हणाल्या, वाट सोडायची नाही. युद्धातले सुरुंग अजून सगळे काढलेले नाहीत. वाटेवरचे काढलेत. बाजूच्या फटींमध्ये पाटी दिसली की पुढे पाऊल टाकायचं नाही."

"मग परत जायचं का?" मी विचारलं. मला खरंच परत जावंसं वाटत होतं.

"वाट साफ आहे असं त्या म्हणतात," बापू म्हणाले. त्यांनी छत्रीचं टोक वाटेवर टेकवून पाहिलं. "आपण वाटेवरच राहू. अगदी मध्यावर."

घळ सुंदर होती, हे मला आता आठवून सांगावं लागतंय. तेव्हा माझं लक्ष पायांकडे होतं. दोन्ही बाजूंना कडे, वर आभाळाची चिंधी, आणि खाली पाऊस कित्येक दिवस नसल्यानं कोरडी, पिवळी वाळू. एखाद्या वाळवंटातला तुकडा आणून जर्मन जंगलाच्या मधोमध पुरला असावा, तशी. कड्यांमध्ये जागोजाग उभ्या फटी होत्या, आणि काही फटींच्या तोंडाशी कवटीचं चित्र काढलेल्या पाट्या. बापू सगळ्यात पुढे. छत्रीचं टोक टेकवायचे, मग पाऊल ठेवायचे आणि तोंडानं म्हणायचे, "ठेवला." पुन्हा छत्री, पुन्हा पाऊल. "ठेवला." आम्ही त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून. शिर्केची थट्टा पहिल्या पाटीपाशीच बंद झाली होती. एका ठिकाणी वाट इतकी अरुंद झाली, की आडवं होऊन सरकावं लागलं. तिथे बापूंनी पलीकडे पोचल्यावर आम्हाला मोजलं, आणि मग खिसा चाचपला.

पाऊस दुपारनंतर आला. आधी कड्याच्या वर कुठेतरी गुरगुरलं, मग घळीत अंधारून आलं आणि पाणी नळ सोडल्यासारखं भिंतींवरून उतरायला लागलं. आम्ही धावत-घसरत खालच्या तोंडातून बाहेर पडलो. ओढा ओलांडला, तोवर तो गढूळ होऊन फुगला होता. गाडीरस्त्यानं वळसा घालून वर गास्टहाउसकडे निघालो तेव्हा पहिल्या वळणावर शिर्के म्हणाला, "त्यो बघा कोन."

ओढ्यापलीकडे, घळीच्या तोंडाशी, तेलकापडाचा झगा पांघरलेला एक माणूस उभा होता. हातात कंदील. आम्हाला बघून त्यानं काहीतरी ओरडून विचारलं, पण पाण्याच्या आवाजात कळेना. मग त्यानं हात उंच करून चार बोटं दाखवली.

"चारची बस हाय म्हनतोय," शिर्के म्हणाला. "पळा."

आम्ही त्याला हात केला आणि पळालो. मी एकदा मागे पाहिलं. तो वळून पुन्हा घळीत शिरत होता. मला वाटलं, वनखात्याचा माणूस असेल, गस्त घालत असेल.

गास्टहाउसच्या दारात बाई उभ्याच होत्या. फ्राऊ योस्टेन, पन्नाशीच्या, एप्रनला हात पुसत. आम्ही एकामागून एक आत आलो तशी त्यांची नजर आमच्यावरून फिरली आणि दारावर जाऊन थांबली.

"आणि चौथा?" त्यांनी विचारलं.

बापूंचा चेहरा पांढरा पडत गेला, तो मी पाहिला. वाट विचारताना बाईंनी त्यांना विचारलं होतं, किती जण आहात? आणि त्यांनी, सकाळपासून मोजत आले होते तसंच, सांगितलं होतं: फिअर. चार. पाऊस सुरू झाल्यावर बाईंचे यजमान, हेर योस्टेन, आम्हाला आणायला वरच्या तोंडानं घळीत उतरले होते. आमच्या मागून येत त्यांनी खालच्या तोंडातून तिघांना बाहेर पडून धावताना पाहिलं. चौथा कुठे, म्हणून विचारलं. आम्ही हात हलवून पळालो. मदत आणायला पळालो, असंच त्यांना वाटलं असणार.

"तो आता फटींमध्ये शोधेल," बाई म्हणाल्या. "पाट्यांच्या आत. मी ओळखते त्याला. वसंतात तिथे गाय गेली आमची."

बापूंनी खिशातून खडा काढला आणि टेबलावर ठेवला. "हा चौथा," ते म्हणाले. जर्मन त्यांचं चांगलं होतं. आत्या, शब्द, तीन माणसं, सगळं त्यांनी चार-पाच वाक्यांत नीट सांगितलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी खड्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ह्याच्यासाठी?"

बापूंनी छत्री उचलली. मीही उठलो. "तू इथे थांब," ते मला म्हणाले. "त्या एकट्या आहेत." शिर्के न विचारताच दाराबाहेर गेला होता. दोघं पावसात दिसेनासे झाले. मग माझ्या लक्षात आलं, की खडा टेबलावरच राहिला होता.

त्या स्वयंपाकघरात मी किती वेळ बसलो, मला सांगता येणार नाही. बाईंनी बटाटे उकडायला ठेवले. मग आणखी ठेवले. पाऊस थांबला, पागोळ्या गळत राहिल्या. आमच्यामध्ये टेबलावर तो खडा होता, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. मग खालून, घळीच्या बाजूनं, एक जड आवाज आला. खिडकीची काच थरथरली.

बाई होत्या तिथेच खाली बसल्या, चुलीजवळच्या लाकडांच्या ढिगावर. मी त्यांच्याकडे बघत होतो, त्या माझ्याकडे. ढग असेल, असं म्हणायचं होतं, पण जर्मन शब्द आठवेना. मराठीही आठवेना. बापू गेले, शिर्के गेला, आता मी साताऱ्याला काय कळवू, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग लांब वीज चमकली, आणि थोड्या वेळानं तसाच आवाज पुन्हा झाला.

"ढग," बाई म्हणाल्या. त्यांनी एप्रननं तोंड पुसलं आणि बटाट्यांकडे वळल्या.

ते आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. पुढे छत्री टेकवत बापू, चिखलात माखलेले. मागे शिर्केच्या खांद्यावर भार टाकून एक पाय ओढत हेर योस्टेन. त्यांचा गुडघा दगडावर आपटला होता, बाकी धड होते. बाईंनी त्यांचा झगा ओढून काढला आणि गरम पाण्याचं घमेलं आणलं.

घळीत काय झालं ते शिर्केनं मला चुलीशी अंग शेकत सांगितलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"कंदील दिसला, पर पाटीच्या आत. बापू पाटीशी हुबं राहून वरडले, आमी सगळे बाहेर हाय, चौथा न्हाई. त्यो म्हनला, मेला? बापू म्हनले, न्हाई, जिवंत कधी नव्हताच. मग तर त्यो जास्तच आत निघाला. त्याला वाटलं, दोस्त मेला आन ह्याला येड लागलं. पडला तितंच. उठंना. मी जातो म्हनलं तर बापूंनी मला पाटीशी हुबं केलं. वाळूत त्याच्या बुटांचे ठसे होते. पानी भरत हुतं त्यांच्यात. बापू त्या ठशांवर एकेक पाय ठेवत आत गेले. दर पावलाला बोलत हुते. 'ठेवला. ठेवला.' आन त्याला धरून त्याच ठशांवरनं मागं आनला."

खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय न बसणारे बापू तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर सरळ, तो न हलवताच बसले होते. मग ते उठून योस्टेनसमोर जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे," म्हणाले. "तुम्ही रागवा."

योस्टेननं खडा उचलून हातात घेतला होता. तो त्यांनी तळहातावर फिरवला. "युद्धात आम्ही चौघं होतो खालच्या बंकरमध्ये," ते म्हणाले. "तिघं बाहेर आलो. सगळे म्हणाले, तो गेला, परत जाण्यात अर्थ नाही. आम्ही गेलो नाही. तो सकाळपर्यंत जिवंत होता, हे आम्हाला मागाहून कळलं." त्यांनी खडा मुठीत धरला. "आज तुम्ही तिघं दिसलात. चौथ्याला तिथे सोडून मला घरी येता आलं नसतं."

बापू रडले. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. योस्टेननं खडा टेबलावर ठेवला नाही, आपल्याजवळच ठेवला. "हा इथे राहू दे," ते म्हणाले.

"पण मग आम्ही परत तिघंच जाणार," बापू डोळे पुसत म्हणाले. त्यांना खरोखरच काळजी पडली होती.

हे भाषांतर करायला मला लाज वाटली असती, पण बापूंनी ते आपणहून जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ योस्टेननं भांड्यातला एक उकडलेला बटाटा कागदात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. बापूंनी तो घेतला आणि शेवटच्या बसमध्ये बसल्यावर आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन, चार. आखन आल्यावर शिर्केनं चौथ्याला मीठ लावून खाल्लं.

त्यानंतर बापूंची काळजी कमी झाली असं म्हणावं तर ते खोटं होईल. कुलपाशी बोलणं तसंच राहिलं, उलट गॅसच्या चावीशीही ते बोलायला लागले. पण शिर्केनं त्यांची फिरकी घेणं सोडलं, आणि बापूंना ते अजिबात आवडलं नाही. आजारी आहेस का, असं ते त्याला रोज विचारत.

थंडी सरता सरता त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते परत जायला निघाले. जहाज इटलीहून होतं. आम्ही दोघं त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. ट्रंकेचं कुलूप त्यांनी आम्हा दोघांना साक्षीला ठेवून लावलं. मग फलाटावर त्यांची चुळबुळ सुरू झाली. नजर पुन्हापुन्हा रुळांमधल्या खडीकडे जात होती. पण वाकायला त्यांचं मन होईना. हात नुसताच कोटाच्या रिकाम्या खिशात जायचा आणि बाहेर यायचा. गाडी येताना दिसली.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस लंगडत वर आला. रविवारची हॅट घातलेले हेर योस्टेन. बापूंनी जायचा दिवस त्यांना कळवला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गर्दीतून त्यांना आमच्यापर्यंत लवकर पोचता येईना, म्हणून त्यांनी तिथूनच हात उंच केला आणि चार बोटं दाखवली.

बापूंनी खिशातला हात बाहेर काढला आणि त्यांना चार बोटं दाखवली.

गाडी जेमतेम थांबली. मिठ्या, ट्रंक, छत्री, सगळं एकदमच झालं. गाडी सुटली तेव्हा बापू खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, ते, ज्यांनी आयुष्यात गाडीच्या खिडकीबाहेर कोपर काढलं नव्हतं. शिर्केकडे बोट करून ते ओरडले, "एक." माझ्याकडे, "दोन." योस्टेनकडे, "तीन." मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवून काहीतरी म्हणाले. ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण आम्हाला कळलं.

गाडी वळणाआड गेली. शिर्के नाक ओढत उभा होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, योस्टेनकडे पाहिलं, आणि आम्ही किती जण उरलो ते त्याच्या लक्षात आलं.

"आता?" तो मला मराठीत म्हणाला.

योस्टेनला शब्द कळला नसणार. पण त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि लिंबाएवढा तो खडा काढून आम्हाला दाखवला.